इंदूकाकूच्या पिच्चरमध्ये बहीण मरत नसायची

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, हे आधी ऐका. मी आत्ता अंबडहून आले, तोंडावर पाणी बी मारलं न्हाई अन् सरळ टाईप करायला बसले. आई आतून ओरडून राह्यली, "अगं ब्लाऊज कुठाय?" ब्लाऊज राह्यलं दुकानातच! उद्या आणू. पण शोभाताईच्या दुकानात आज मला जे कळालं ते कोणाला तरी सांगितल्याबिगर मला घास जायचा न्हाई.

पण डायरेक ते सांगून काही उपयोग न्हाई. आधी इंदूकाकू सांगावी लागल.

इंदूकाकू म्हणजे अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची. नात्यानं आमची कोणीच न्हाई. तिचा नवरा, नामदेवकाका, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. काकू उंचीला एवढीशी अन् आवाज असा की पलीकडच्या लाईनीतली बाई "काय गं?" म्हणून ओ द्यायची. डोक्यावरचा पदर कधी म्हणून ढळायचा न्हाई. फक्त पिच्चर सांगताना ढळायचा. पदर खाली आला की आम्ही समजायचो, आता मारामारी सुरू.

हां, तर ती पिच्चर सांगायची. तुम्ही म्हणाल, पिच्चर काय सांगायचा असतो? पाहायचा असतो. बिलकुल बराबर. पण आमच्याकडं भानगड होती भोंग्याची.

ही ऐंशीच्या सालातली गोष्ट हाय, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. टीव्ही साहेबलोकांकडं. बाकीच्यांसाठी ऊस गाळायच्या हंगामात कॉलनीच्या मैदानात पांढरा कपडा बांधून पिच्चर लागायचा. हंगाम हिवाळ्यातला, दिवस लवकर मावळायचा, अंधार पडला की मशीन सुरू. पडद्याच्या पुढची बाजू माणसांची, मागची बायांची. पिच्चर बी कसले? डाकूचे, भुताचे, इच्छाधारी नागिणीचे, नाही तर बदल्याचे. त्या वक्ताला दुसरं कोणी काही काढतच नव्हतं बहुतेक.

अन् आठ वाजता कारखान्याचा भोंगा व्हायचा. दुपारची पाळी सुटली! आता नवरा घरी येणार, भुकेजलेला. सगळ्या बाया पोरं काखेत मारून घराकडं पळायच्या, भाकरी टाकायला. पिच्चर तिकडं बरोबर अर्ध्यात. पुढं काय झालं ते नवऱ्याला किंवा दिराला इचारलं की उत्तर ठरलेलं, "काय होणार? मारामारी झाली अन् संपला."

नामदेवकाकाला मात्र कायम दिवसाची ड्युटी. ते संध्याकाळीच जेवून पडद्यापुढं बसायचे अन् तिसऱ्या गाण्याला झोपायचे. शेवटी जागे होऊन एकच गोष्ट इचारायचे, "लगीन झालं का त्यांचं?" झालं म्हणलं की समाधानानं घरी. म्हणजे सगळ्या कॉलनीत शेवटापर्यंत बसणारी बाई एकच, इंदूकाकू.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूच्या अंगणात सगळ्या जमायच्या. कोणी गहू निवडायला आणलेले, कोणी मेथी. अन् काकू उरलेला अर्धा पिच्चर सांगायची. पुढं पुढं तर पूर्णच सांगायची, पहिल्यापासून. मैदानातले पिच्चर बंद पडले, घरोघरी टीव्ही आले, तरी हे चालूच होतं, म्हणून तर मला बी ऐकायला भेटलं. घोडा पळायचा तर दोन वाट्या फरशीवर आपटायची. गोळी सुटली की ताट. नागीण आली की तोंडानं अशी पुंगी वाजवायची की समोरच्या बाईची मान आपोआप हलायची. अन् ऐन टायमाला थांबून तांब्या उचलायची. घट घट घट. बाया कावायच्या.

"अगं पी नंतर! गोळी लागली का न्हाई?"

"सबर करा," काकू म्हणायची, "आत्ताशी व्हिलन घोड्यावर बसला."

हिरोहिरोईनची नावं तिच्या ध्यानात राहत नसायची. त्याचं तिला काही वाटायचं बी न्हाई. व्हिलनला त्या आठवड्यात जो कोणी नडला असल त्याचं नाव. रॉकेलवाल्यानं माप कमी दिलं की ठाकूरचं नाव रॉकेलवाल्याचं. एकदा तर तिचं सासूसोबत वाजलं होतं, तवा महिनाभर सगळ्या चुडैली एकाच नावाच्या होत्या. सासू शेजारीच बसून मिटक्या मारत ऐकायची, "कशी गं बाई दुष्ट!"

आईनं सांगितलेला एक किस्सा सांगते. काकूनं भुताचा पिच्चर सांगितला. जुनी हवेली, घुंगरांचा आवाज, अन् मुंडकं मागच्या मागं गर्रकन फिरणारी बाई. इतका झ्याक सांगितला की दिवस मावळल्यावर एक बी बाई संडासच्या लाईनीकडं एकटी जाईना. आता दिवसभर राबून आलेले नवरे टॉर्च घेऊन बायकांच्या मागं मागं! चार जण नामदेवकाकाकडं तक्रार घेऊन आले. "नामदेवराव, वहिनीला सांगा काही तरी. आम्ही काय पहारेकरी हाय का?"

दुसऱ्या दिवशी काकूनं सगळ्यांना जमवलं. "अगं बायांनो, मी एक सीन सांगायचा इसरलेच की! ते भूत नव्हतंच. हवेलीचा मुनीम होता, घोंगडी पांघरून."

सरूमावशी म्हणून एक होती, जिभेला लई धार. ती म्हणली, "काल तर मुंडकं मागं फिरलं म्हणलीस?"

"मुखवटा होता. उलटा घातल्ता येड्यानं."

झालं. संध्याकाळपासून बाया पुन्हा एकट्या जायला लागल्या.

अन् नागिणीचं तर मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. उसाच्या गाडीतून साप निघाला, माणसं काठ्या घेऊन धावली, तर ही मध्ये उभी. "मारू नका! ह्याची बायको सात जन्म मागं लागल! तुम्हाला काही पिच्चरची माहिती हाय का न्हाई?" माणसं खरंच थांबली. साप आरामात गवतात गेला. ती बिनविषारी धामण होती हो, तिला फक्त उंदीर पाहिजे होता. पण काकू पुढं कितीक दिवस सांगायची, "जाताना माझ्याकडं वळून पाह्यलं तिनं."

आता मेन गोष्ट. शोभाताई.

शोभाताई आमच्याच लाईनीतली. तिचं लगीन जमलं होतं, हळद दळून झाल्ती, अन् मुलाकडच्यांनी ऐनवेळी मोडलं. काहून मोडलं ते कोणालाच माहीत न्हाई, पण कॉलनीत प्रत्येकाकडं एक कारण होतं. पोरगी घराबाहेर निघंना. त्याच हंगामात मैदानात डाकूचा पिच्चर लागला. तिच्या आईनं तिला जबरदस्तीनं नेलं. तर पिच्चरमध्ये काय, हिरोच्या बहिणीचं लगीन मोडतं! ठाकूर भर मांडवात येऊन तिला नाही नाही ते बोलतो, वरात माघारी फिरते, ती पोरगी एकटी मांडवात उभी, अन् भोंगा झाला. सगळ्या उठल्या. शोभाताई बी.

दुसऱ्या दिवशी काकूचं अंगण फुल्ल. शोभाताईला काकू स्वतः हाताला धरून घेऊन आल्ती. "चल गं, गहू निवडायला कोणी न्हाई माझ्याकडं."

अन् काकूनं सांगितलं. त्या पोरीला काकूनं कधी कोणाचं नाव दिलं न्हाई, 'ती पोरगी' म्हणायची. तर ती पोरगी पहाटेची एसटी पकडून मामाकडं जाते. मामी आधी कुरकुर करते, पण नंतर चांगली निघते. पोरगी शिलाई शिकते. स्वतःचं दुकान टाकते. इकडं हिरो डाकू झालेला, शेवटी त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतात, ठाकूर हसायला लागतो, अन् तेवढ्यात मागून ती पोरगी येते, हातात कापड कापायची ही मोठी कैची! ठाकूरला खाली पाडते, छातीवर पाय ठेवते अन् म्हणते, "ठाकूर, माप घेऊ का तुझं?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. आई सांगते, शोभाताई त्या दिवशी किती तरी दिवसांनी हसली. अन् पुढच्याच महिन्यात घरी म्हणली, मला मामाकडं पाठवा, शिलाई शिकायची. मामा होताच जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानात कामाला. आज अंबडला तिचं दुकान हाय, हाताखाली पोरी हायेत, नवरा बी चांगला भेटला.

"माप घेऊ का तुझं" हा डायलॉग मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला की आमच्या घरात कोणाला बी धमकी द्यायची असली की आम्ही तेच म्हणायचो.

मंग आला सीडीचा जमाना. काकूचा पोरगा दिलीप जालन्याला एमआयडीसीत स्टीलच्या मिलमध्ये लागला. पहिल्या दिवाळीला आईसाठी काय आणलं? सीडी प्लेयर! अन् त्याच्यासोबत सीडी कोणती, तर तीच, डाकूवाली. "आई, तुझा फेवरेट पिच्चर! रविवारी सगळ्यांना बोलावू, शोभाताईला बी अंबडहून बोलावलंय."

तवा मी तिथंच होते. काकूचा चेहरा असा झाला की जसं पोरानं घरात खरंच साप आणलाय.

तिनं काय काय केलं म्हणून सांगू. आधी म्हणली, रविवारी लाईट जाते. दिलीप म्हणला, या रविवारी न्हाई जाणार. मंग म्हणली, माझे डोळे दुखतात. मंग म्हणली, तो पिच्चर काही चांगला न्हाई, दुसरा लाव, देवाचा लाव. शनिवारी सीडीच गायब. दिलीपनं घर पालथं घातलं, शेवटी तांदळाच्या डब्यात सापडली.

"आई, ही तांदळात काहून?"

"ओल लागू नये म्हणून."

मी हसत होते. पण आई मला बाजूला घेऊन म्हणली, "हसू नको. त्या पिच्चरमध्ये ती पोरगी इहिरीत उडी टाकून मरते. इंटरव्हल झाल्याबरोबर. काकूनं मला एकटीलाच सांगितलेलं हाय. शोभीला आता काय तोंड दाखवायचं, म्हणून जीव खालीवर होऊ राह्यला तिचा."

रविवारी दुपारी काकूच्या घरात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडकीला गोधडी लावलेली. शोभाताई सगळ्यात पुढं, टीव्हीला चिटकून. सरूमावशी भिताडाला टेकून. काकू दारात, हातात शेंगदाण्याची वाटी. पिच्चर सुरू झाला. मांडव आला. ठाकूर आला. वरात फिरली. मंग काकू एकदम उठली अन् टीव्हीच्या पुढं येऊन उभी राह्यली.

"चहा कोणाकोणाला?"

"काकू, सरक!"

"बिनसाखरेचा कोणाला?"

"अगं सरक ना बाई, साखर कारखान्यात राहून बिनसाखरेचा कोण पितं!"

दिलीपनं तिला खांद्याला धरून बाजूला केलं. तोवर पोरगी इहिरीपाशी गेलेली. बांगड्या फुटल्या, पाण्याचा आवाज आला, अन् हिरो वरून ओरडला. संपलं.

सगळ्या बाया टीव्ही सोडून काकूकडं पाहायला लागल्या. शेवटी सरूमावशीच बोलली, "इंदू, ही तर मेली की गं!"

ज्या बाईनं उलट्या मुंडक्याचा मुखवटा केला, तिला त्या दिवशी एक शब्द सुचंना.

अन् तेवढ्यात शोभाताई ओरडली, "ओ दिलीपभाऊ, कुठून आणली ही सीडी? हा तर डुप्लिकेट पिच्चर हाय!"

"डुप्लिकेट कसा?"

"आता बघा, हिरो बंदूक कोणत्या हातात धरू राह्यला? उजव्या! आपण मैदानात पाह्यला तो डावखुरा होता का न्हाई? सांगा बरं सगळ्या."

एकच कालवा झाला. हाव! डावखुराच होता! बराबर! ठाकूरच्या डाव्या गालावर डाग होता, हे बघा ह्याच्या उजव्या गालावर! सरूमावशी तर ताडकन सरळ बसली. "अगं बया, हाव की! आमचा जावई डावखुरा म्हणून आमचे हे नको म्हणत होते, तर मीच म्हणलं होतं, पिच्चरमधला हिरो बी डावखुराच हाय! कोणी तरी नक्कल करून काढलाय हा. म्हणून तर पोरीला मारून टाकली, पैसे कमी पडले असतील त्यांना."

दिलीप डोकं खाजवत सीडीचं कव्हर पाहू राह्यला. माझ्या मात्र डोक्यात लाईट लागली. पडदा! बाया पडद्याच्या मागं बसायच्या! कपड्याच्या मागून पाह्यलं की सगळं उलटं दिसणार, उजवा हात डावा, डावा गाल उजवा. सुरुवातीची नावं बी उलटीच दिसली असणार, पण तवा नावं वाचायला बसलंय कोण, पोरांना जागा धरायची घाई. सगळ्या बायांनी जिंदगीभर डावखुरे हिरो पाह्यले अन् कोणाला पत्ता न्हाई! मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं मांडीला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

सीडी बंद झाली. मंग काकूनं ओरिजनल पिच्चर सांगितला. एसटी, मामी, शिलाई, दुकान, कैची. वाट्या वाजल्या, ताट वाजलं, पदर पडला. "माप घेऊ का तुझं" सगळ्या बायांनी एका सुरात म्हणलं.

मला इतके दिवस वाटायचं, शोभाताईनं तो हात योगायोगानं पाह्यला. काकू नशिबानं वाचली.

आता आजचं ऐका.

आज दुकानात गेले तर कोपऱ्यात टीव्ही चालू, अन् टीव्हीवर कोणता पिच्चर? तोच! नेमकं इहिरीचं आलं. मी हसून म्हणलं, "ताई, डुप्लिकेट आता टीव्हीवर बी लागायला लागला."

शोभाताईनं मशीन थांबवली. म्हणली, "पिंके, तुला एक सांगू? मी हा पिच्चर जालन्यालाच पाह्यलाय. थेटरात. मामाकडं शिलाई शिकायला गेल्ते ना, तवाच. मामीनं नेलं होतं."

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"ती इहिरीकडं निघाली तर मी मामीला म्हणलं, ही मरत न्हाई, ही दुकान टाकते. मामी म्हणली, गप बस, लोक पाहू राह्यले. अन् ती मेली." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "लगीन मोडलं तवा माझ्या मनात बी इहीरच यायची गं. क्वार्टरमागं होतीच. पडद्यावर ती मेली तवा मला कळालं, काकूनं माझ्यासाठी पिच्चर बदलला. थेटरात पुढून पाह्यलं ना, तर हिरोचा हात बी बदललेला. घरी येऊन मामाला इचारलं, तवा त्यानं पडद्याचं समजावून सांगितलं."

"म्हणजे त्या रविवारी तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"मंग! काकूच्या हातातली वाटी पाह्यली का तू? शेंगदाणे उडू राह्यले होते बाहेर. कोणी तरी काही तरी बोलायला पाहिजे होतं का न्हाई?"

"मंग काकूला सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू? तुमचा पिच्चर खोटा होता म्हणून? दुकान तर खरं हाय." अन् मशीन पुन्हा सुरू. "काकूला बोलायचं न्हाई बरं का. शपथ हाय तुला."

म्हणून मी काकूला सांगणार न्हाई. तुम्हाला सांगू राह्यले. काकू नेट पाहत न्हाई अन् दिलीपभाऊ मराठी वाचायचा कंटाळा करतो, म्हणून इथं लिहिलं तर चालतं.

नामदेवकाका रिटायर झाल्यावर ती दोघं दिलीपकडं जालन्याला राहायला गेली. गेल्या उन्हाळ्यात मी परीक्षेला गेल्ते तवा त्यांच्याकडंच उतरले. काकू गच्चीवर, केस पांढरे झालेले, भोवती शेजारच्या बाया पापड लाटू राह्यलेल्या. ह्या सगळ्या नव्या बाया, प्रत्येकीच्या घरी टीव्ही. आदल्या दिवशी सगळ्यांनी तोच एक जुना बदल्याचा पिच्चर पाह्यलेला. अन् काकू तोच पिच्चर त्यांनाच सांगू राह्यली होती, लाटणं बंदुकीसारखं धरून. त्यात बी एक बहीण होती. काकूनं तिला नर्सच्या ट्रेनिंगला लावून दिलं होतं.

एक नवी सून हळूच म्हणली, "पण काकू, टीव्हीत तर मेली ना ती?"

काकूनं वळून बी पाह्यलं न्हाई.

"टीव्हीत मरू दे. मी सांगू राह्यले ना? तू पापड लाट."

सून पापड लाटायला लागली. अन् जरा वेळानं तिनंच इचारलं, "मंग पुढं काय झालं?"

तुमच्याकडं होतं का हो असं पिच्चर सांगणारं कोणी? अन् मोठेपणी तुम्ही तो पिच्चर खरंच पाह्यला, तर तो तसाच निघाला, का तुम्हाला बी वाटलं की हाच डुप्लिकेट हाय?